पाटाचा साक्षीदार

ज्या लग्नात तुम्ही पंगतीला बसून जेवलात, ते लग्न झालं की नाही हे मला माहीत नाही, असं तुम्ही कोर्टात शपथेवर सांगाल का?

इतक्या घाईने मान हलवू नका. शालिकराम परातेला हा प्रश्न कोणी पासष्ट साली विचारला असता, तर त्यानेही अशीच मान हलवली असती. वर विचारणाऱ्याला दोन शब्द सुनावले असते ते वेगळेच. तांडापेठेत त्याचं नाव होतं. दोन भावांत भिंतीवरून वाजलं, सासू-सुनेचं नळावर फाटलं, की माणसं म्हणायची, शालिकला बोलवा, तो कोणाचं ऐकून बोलत नाही. असा माणूस खोटं बोलेल हे कोणाच्या मनात आलं नसतं. त्याच्या स्वतःच्या मनात तर नाहीच नाही. म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

शालिकराम उमरेडचा. बाप विणकर, आजा विणकर. मिसरूड फुटायच्या आत तो नागपुरात आला आणि चंपतराव निनाव्यांच्या कारखान्यात मागावर बसला. कारखाना म्हणजे काय, तर कौलारू लांबट शेड, आत ओळीने हातमाग, प्रत्येक मागाखाली पाय सोडायला खड्डा. त्या खड्ड्यात पाय सोडून शालिकरामने आपली जवानी घालवली. करवतकाठी लुगड्याचा काठ त्याच्यासारखा कोणाचा उतरत नव्हता. पाठीला बाक आला, डोळे बारीक झाले, पण मान कधी कोणासमोर खाली गेली नाही. ती खाली गेली ती त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही कोणी वाकवली म्हणून नाही.

चंपतरावांची पहिली बायको लेकराला जन्म देऊन दोन-चार वर्षांत गेली. पोरगा कृष्णकांत लहान, घरात बाईमाणूस नाही. पवनीकडची मनकर्णा तेव्हा ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी बसलेली. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बोलणी केली आणि चंपतरावांनी तिच्याशी पाट लावला.

पाट म्हणजे काय हे आता शहरात शिकलेल्या पोरांना सांगावं लागतं. विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट. त्याला ना वाजंत्री, ना पत्रिका, ना भटजी, ना फोटो. पहिल्या लग्नाची बाई हळदीची, ही नुसत्या कुंकवाची. अंधार पडल्यावर, कंदिलाची वात बारीक करून, चार माणसांत नवं लुगडं नेसवायचं, बांगड्या भरायच्या, कुंकू लावायचं, आणि नवऱ्याच्या शेल्याला तिच्या पदराची गाठ बांधायची. तांडापेठेतल्या त्या घरांत आणखी एक रीत होती. सवाष्णींनी त्या रात्री तिथे जायचं नाही, नव्या नवरीचं तोंड बघायचं नाही. बायका जायच्या त्या फक्त पाटाच्याच. आणि गाठ बांधायला घरचा माणूस चालत नाही, जातीतला पण घराबाहेरचा लागतो. ज्याने गाठ बांधली तो त्या बाईचा भाऊ ठरतो.

मनकर्णाची गाठ शालिकरामने बांधली.

तेव्हापासून दर भाऊबीजेला तो चंपतरावांच्या घरी पाटावर बसायचा. मनकर्णा ओवाळायची. तो म्हणायचा, "बाई, माह्या बहिणी उमरेडले राह्यतेत, पण दिवा तुह्याच हातचा पयला." चंपतराव बाजूला बसून म्हणायचे, "मालकाले ओवाळत नाई कोणी, मजुराले ओवाळून राहिली." आणि घर हसायचं. मनकर्णाने कृष्णकांतला किसना म्हणत मोठं केलं. तिला स्वतःला मूल झालं नाही. सकाळपासून ती शेडच्या दारात बसून कांड्या भरायची, सुताचा हिशोब तोंडी ठेवायची, आणि दुपारी सावजी रश्श्याचा वास शेडभर पसरला की विणकरांचे हात आपोआप थांबायचे.

अडुसष्ट साली चंपतराव छातीत कळ येऊन गेले. मृत्युपत्र नाही. माणूस जिवंत असताना ज्या गोष्टी कोणी विचारत नाही, त्या तो गेल्यावर पहिल्यांदा विचारल्या जातात. कृष्णकांतचं तोवर लग्न झालं होतं, लकडगंजात त्याने लाकडाच्या धंद्याची ओळख काढली होती. त्याने शेडमधले माग विकायला काढले. मनकर्णाने हात धरला, तर म्हणाला, "तुमचा काय संबंध?"

ज्या पोराच्या नाकाचा शेंबूड तिने पदराने पुसला, तो पोरगा हे म्हणाला.

मनकर्णा कोर्टात गेली. बायको म्हणून तिचा अर्धा हिस्सा होता, कायदा तसा होता. कृष्णकांतने लेखी उत्तर दिलं की मनकर्णा नावाची बाई घरकामाला ठेवलेली होती, तिचा वडिलांशी कोणताही विवाह झालेला नाही. आणि जरी पाट लागला असला तरी पाट म्हणजे विवाह नव्हे. वकिलांना असंच शिकवतात, आधी म्हणायचं घडलंच नाही, मग म्हणायचं घडलं असलं तरी काय झालं.

दावा चालू असेपर्यंत माग विकले जाऊ नयेत, शेड आणि मागचं घर जागच्या जागी राहावं, म्हणून कोर्टाने रिसीव्हर नेमला. रिसीव्हर म्हणजे कोर्टाचा हात. भांडण मिटेपर्यंत मालमत्ता त्याच्या ताब्यात. ईश्वरदासबाबू नावाचे वयस्कर वकील नेमले गेले. शांत माणूस, पांढरा कोट, तोंडात लवंग. रोज शेडमध्ये येऊन बसणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी दोन्ही पक्षांना विचारलं, कारखाना उघडायला, बंद करायला, सूत-लुगडी सांभाळायला कोण माणूस ठेवू?

दोन्ही पक्षांनी एकच नाव दिलं. शालिकराम.

तो दिवस शालिकरामच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस होता. कोर्टाचा शिक्का असलेला कागद मिळाला. किल्ल्यांचा जुडगा मिळाला, तो त्याने करगोट्याला बांधला आणि वरून सदरा असा घातला की जुडगा दिसावा. ईश्वरदासबाबूंनी त्याला समोर बसवून सांगितलं, "शालिकराम, आजसे तू न कृष्णकांतचा, न बाईचा. दोघांशी सारखं वागायचं. कोणाची तरफदारी नाही."

"जी बाबू," शालिकराम म्हणाला.

आणि मग त्याने जे सुरू केलं ते पाहून तांडापेठ आधी हसली.

कृष्णकांतच्या घरून मटणाचं भांडं आलं, ते त्याने झाकण न उघडता परत केलं. मनकर्णाने गरम भाकर पाठवली, तीही परत. दसऱ्याला सगळ्या वस्तीला सोनं दिलं, ही दोन घरं सोडून. मनकर्णा समोरून आली की तो खिशातला कागद काढून वाचू लागायचा. त्याला वाचता नीट येत नव्हतं.

घरी त्याची बायको गोपिका. तोंडाची फटकळ. तो तिला म्हणाला, "तू मनकर्णाबाईसंग नळावर उभी राहू नको. लोक म्हणतीन रिसीव्हरचा माणूस एका पार्टीकडं झुकला."

"काहून?" गोपिका म्हणाली. "पाणी भरल्यानं कोर्ट वाकडं होते का?"

"तुले नाई समजत त्यातलं."

"मले एवढं समजते का किल्ली तुमच्या कमरेले आहे, पण कुलूप तुमच्या तोंडाले लागलं. झोपतानी तरी काढत जा."

भाऊबीज आली. संध्याकाळी मनकर्णा ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात वाट बघत बसली. शालिकराम घरी पालथा पडून होता. अंगात कणकण आहे म्हणाला. गोपिकाने कपाळाला हात लावून बघितलं आणि उठून गेली. कपाळ गार होतं.

इथवर तुम्ही हसला असाल तर हसा. पुढे हसण्यासारखं काही नाही.

एकाहत्तर साली पुरावा सुरू झाला. पाट लागला हे सिद्ध करायचं होतं मनकर्णाला. आणि पाटाला ना कागद असतो, ना फोटो. माणसं हाच पुरावा. त्या रात्री हजर असलेल्यांपैकी धोंडबा म्हातारा गेला होता, मनकर्णाचा मामा गेला होता, कोणी भिवंडीकडे यंत्रमागावर निघून गेलं होतं, बांगड्या भरणाऱ्या बाईचा ठावठिकाणा लागत नव्हता. सवाष्णी तर रिवाजाप्रमाणे नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी जेवायला अख्खी गल्ली होती, पण गल्लीतला प्रत्येक जण म्हणाला, आम्ही जेवलो, गाठ बांधताना पाहिली नाही. कोर्टाच्या पायरीचं भय आणि कृष्णकांतच्या ओळखीची आशा. हातात होता फक्त शालिकराम.

मनकर्णाच्या वकिलाने निरोप पाठवला, साक्षीआधी एकदा येऊन भेट. शालिकरामने उलट निरोप दिला की मी कोणत्याही पार्टीच्या वकिलाकडे येत नाही. वकील चिडला. मनकर्णा त्याला म्हणाली, "तुम्ही चिंता करू नका साहेब. भाऊ आहे तो माहा."

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी शालिकराम शेड बंद करत होता. कृष्णकांत आला. दाराला टेकून उभा राहिला.

"शालिकदादा, उद्या कोर्ट."

"व्हय."

"मी काही म्हणून नाही राहिलो. तुम्ही रिसीव्हरचे माणूस. फक्त एक सांगतो, केस संपली तरी हा कारखाना पाहणारा तुमच्याशिवाय दुसरा कोणी नाही. बाबा बी हेच म्हणत होते."

शालिकरामने कुलूप ओढून बघितलं. "मी काही ऐकलं नाई," तो म्हणाला.

पुढे कितीतरी दिवस त्याने स्वतःलाही हेच सांगितलं, की आपण काही ऐकलं नाही.

कोर्टात त्या दिवशी पंखा बंद होता. शालिकराम पिंजऱ्यात चढला तेव्हा मनकर्णा बाकावर बसली होती. तिने त्याच्याकडे बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. भावाला बघून करतात तसा. शपथ झाली. मनकर्णाच्या वकिलाने विचारलं, "चंपतराव आणि मनकर्णाबाई यांचा पाट तुमच्यासमोर लागला का?"

"साहेब, मी रिसीव्हरचा माणूस आहे."

"ते कोर्टाला माहीत आहे. पाट तुमच्यासमोर लागला का? गाठ कोणी बांधली?"

"मले त्यातलं काही सांगता येत नाही."

जजसाहेबांनी लेखणी थांबवली. माणूस बरा होता. म्हणाले, "सांगता येत नाही म्हणजे? तुम्हाला माहीत नाही, की तुम्हाला सांगायचं नाही? नीट विचार करून बोला."

त्यांनी दार उघडून धरलं होतं. लहान मुलालाही कळलं असतं. शालिकरामच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी कंदील होता, शेल्याची जर होती, थरथरणारा पदर होता. आणि कमरेला जुडगा टोचत होता. त्याला वाटलं, आता आपण खरं बोललो तर सगळे म्हणतील, बघा, शेवटी झुकलाच.

"माहीत नाही," तो म्हणाला.

कृष्णकांतचा वकील अर्धवट उठून म्हणाला, "उलटतपास नाही," आणि बसला. बसताना त्याने शालिकरामकडे बघून मान लववली. आभार मानावेत तशी.

मनकर्णाच्या डोक्यावरून पदर घसरला होता, तो तिने परत घेतला नाही.

बाहेर व्हरांड्यात ईश्वरदासबाबूंनी त्याला गाठलं. त्यांच्या तोंडातली लवंग गेली होती. "शालिकराम, ये क्या किया तूने?"

"बाबू, तुम्हीच तं म्हणाले होते, कोणाची तरफदारी नाही."

"अरे भल्या माणसा, ते मी कारखान्याबद्दल म्हणालो. सूत, लुगडी, कुलूप. त्यात इकडचं तिकडे नाही. बाईच्या लग्नाबद्दल मी कशाला बोलणार? गाठ तू बांधली होतीस?"

शालिकराम खाली बघू लागला.

"बांधली होतीस का?"

"व्हय."

ईश्वरदासबाबूंनी डोळे मिटले. मग हळू आवाजात म्हणाले, "कोर्ट अजून उठलं नाही. आत्ता जा. तिच्या वकिलाला सांग, घाबरलो होतो, परत उभा राहतो म्हणून. तो अर्ज देईल. मी स्वतः साहेबांना सांगतो. जा."

आता नीट ऐका. पिंजऱ्यात तो बोलला ती चूक होती, आणि ती अडाणी इमानाची चूक म्हणून कोणीही माफ केली असती. पण आता त्याला कळलं होतं. सांगणारा समोर होता. दरवाजा दहा पावलांवर होता. शालिकराम दोन पावलं गेलाही. तेवढ्यात चहाच्या टपरीवरून कृष्णकांतने त्याच्याकडे बघितलं आणि हात वर केला. शालिकराम थांबला. परत आत गेलं तर अख्ख्या कोर्टासमोर म्हणावं लागणार होतं की मी खोटं बोललो. तांडापेठेतला ज्याच्या शब्दावर भांडणं मिटतात तो माणूस, मी खोटं बोललो, असं म्हणणार. त्याच्याने ते झालं नाही. तो पायऱ्या उतरला आणि घरी गेला.

जी मान कोणासमोर झुकली नव्हती, तीच त्याला नडली. खोटेपणा कबूल करायला वाकावं लागतं, आणि त्याला वाकता येत नव्हतं.

निकाल लागला. पाट सिद्ध झाला नाही. मनकर्णा ही मयताची पत्नी ठरत नाही. तिच्या ताब्यातली मागची खोली रिसीव्हरने ताब्यात घ्यावी.

रिसीव्हरने, म्हणजे शालिकरामने.

ईश्वरदासबाबूंना ताप होता. त्यांनी बेलिफासोबत शालिकरामला पाठवलं. दुपारची वेळ. गल्लीतल्या सगळ्या दारांचे पडदे हलत होते आणि एकही माणूस बाहेर नव्हतं. मनकर्णाने सामान बांधून ठेवलं होतं. एक ट्रंक, एक पितळी डबा, वळकटी. बेलिफ म्हणाला, बाई, कपडे आणि भांडी न्या, बाकी राहू द्या. ती म्हणाली, "हे अंगावरचं लुगडं त्याइच्याच मागावरचं आहे. रिसीव्हरसाहेबांले विचारा, नेऊ का ठेवू."

बेलिफाने शालिकरामकडे बघितलं. शालिकराम कुलपाकडे बघत होता.

"विचारून राहिली ना मी," मनकर्णा म्हणाली. "बोल ना गा. का हे बी माहीत नाही तुले?"

"ने बाई," तो कसाबसा म्हणाला.

"बाई नको म्हणू. काम करणाऱ्या बाईले नावानं हाक मारतेत." ती ट्रंकेवर बसली. आवाज चढवला नाही तिने. "कोर्टाचा मले राग नाही. कोर्टाले कोण सांगन? किसनाचा बी राग नाही, त्याले हिस्सा पाह्यजे. तू भाऊबीजेले नाही आला, तवा बी मी म्हटलं, जाऊ दे, भाऊले नोकरी आहे. पण तुले माहीत होतं गा. तुह्या हातानं बांधली होती."

शालिकराम खिशातला लाखेचा तुकडा चाचपू लागला.

"आता एक काम कर. बांधली तशी सोडून दे. म्हणजे मी मोकळी. म्हण ना, मनकर्णा, मी सोडली. तेवढं तरी तोंडानं म्हण."

बेलिफ, रोज लोकांची घरं रिकामी करणारा माणूस, तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. शालिकरामने दार ओढलं, कुलूप लावलं, लाख वितळवून मोहर मारली. ती नीट बसली नाही. परत मारली. तीही वाकडी बसली. मनकर्णा डोक्यावर ट्रंक घेऊन गल्लीतून चालू लागली, तेव्हा पडद्यांआडून कोणी खाकरलं, कोणी लेकराला आत ओढलं. ती हुडकेश्वरला चुलत बहिणीकडे गेली. हुडकेश्वर म्हणजे नुसतं खेडं. गोठ्याला लागून पडवी होती, तिथे राहिली, दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाऊ लागली.

यानंतर तांडापेठेने शालिकरामला काय केलं असेल? वाळीत टाकलं? नाही. शाबासकी दिली. पानठेल्यावर एक जण म्हणाला, "बरं केलं शालिकदादा, लफड्यात पडले नाही." दुसरा म्हणाला, "आपल्याले काय करायचं कोणाच्या घरचं?" ही सगळी त्या पंगतीत जेवलेली माणसं. त्यांचं न बोलणं शालिकरामच्या न बोलण्याआड लपलं होतं, म्हणून ती त्याच्यावर खूश होती. तोंडावर थुंकली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याने किल्ल्या ईश्वरदासबाबूंच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. कृष्णकांतने निरोप पाठवला, या, कारखाना तुमचाच आहे. तो गेला नाही. गोळीबार चौकात दुसऱ्याच्या मागावर मजुरीने बसला. हात चालायचा, पण काठ बिघडू लागला. भांडण मिटवायला कोणी बोलवायला आलं की तो मागच्या दाराने निघून जायचा.

गोपिकाने त्याला एकदाच सुनावलं. जेवायला वाढताना, भांडं खाली ठेवून. "मी सवाशीण, म्हून त्या राती तिच्या पाटाले गेली नाही. गेली असती तं कोर्टात उभी राहिली असती. ज्या बाया बोलल्या असत्या त्याइले तुमच्या रीतीनं घरी बसवलं, अन् ज्या माणसाले नेलं तो मुका निघाला." मग ती म्हणाली, "जेवा."

‘ज्या बाया बोलल्या असत्या’ या गोपिकाच्या शब्दांनी त्याला प्रयागबाई आठवली. त्या रात्री कंदील धरणारी बाई. पाटाची म्हणून तिला बोलावलं होतं, तिनेच मनकर्णाला बांगड्या भरल्या होत्या. मनकर्णाने वरच्या कोर्टात अपील केलं आहे हे त्याला कळलं होतं. तो आधी तिच्या वकिलाकडे गेला. वकिलाने त्याला बसायलाही सांगितलं नाही. "आता तुझं कोण ऐकणार? तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोस, कोर्ट हेच विचारणार. वर खोट्या साक्षीचा खटला होईल तो वेगळा. दुसरं माणूस असेल तर आण."

प्रयागबाईचा पोरगा कोळशाच्या खाणीत लागला होता, म्हणून ती कन्हानला राहत होती. शालिकराम विचारत विचारत तिच्या दारात पोचला. म्हातारी झाली होती. ज्वारी पाखडत होती. ओळखलं तिने.

"शालिक ना तू? मनकर्णा बरी आहे का?"

त्याने सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणासमोर सगळं सांगितलं, कृष्णकांत दाराला टेकून बोलला तेही. म्हातारीचं सूप थांबलं.

"तू माहीत नाही म्हणाला?"

"व्हय."

"तोंड जळलं नाही तुहं?"

"जळून राहिलं मावशी. म्हून आलो. तू येजो कोर्टात. तू कंदील धरला होता."

प्रयागबाईने आत नजर टाकली. आत सून भांडी घासत होती. म्हातारीने आवाज उतरवला. "वकील विचारन, तू तिथं काहून गेली होती. मंग मले सांगा लागन का मी बी पाटाची. पोराले हे माहीत आहे, सुनेले नाही. नातीचं जमून राहिलं भंडाऱ्याकडं. त्या लोकांले समजलं तं म्हणतीन, आजी पाटाची, मंग बाप कसा?" तिने सूप पुन्हा हातात घेतलं. "तुले नोकरीनं गप्प केलं. मले नातीनं केलं. जा बापा. राग नको धरू."

त्याने राग धरला नाही. तो कोणत्या तोंडाने धरणार होता? म्हातारी उंबऱ्यापर्यंत आली. डोळे पुसत म्हणाली, "तिले सांगजो, हिरव्या बांगड्या होत्या. मले याद आहे."

त्या खेपेनंतर शालिकरामच्या मनात काहीतरी बसलं. त्याची लाज त्याच्या एकट्याची होती असं तो समजत होता. ती तशी नव्हती. पाट लावायचा अंधारात, बायका बोलवायच्या लपून राहणाऱ्या, आणि मग कोर्टात उभं राहून म्हणायचं की कोणी पाहिलंच नाही. मनकर्णाला हरवायची सोय कृष्णकांतच्या वकिलाने केली नव्हती. ती आधीपासून करून ठेवलेली होती. पण हे समजल्याने त्याचं स्वतःचं काही कमी झालं नाही. त्या व्हरांड्यात दहा पावलं चालायची होती, आणि ती रीतीने अडवली नव्हती.

तो परत वकिलाकडे गेला. म्हणाला, "लिहा. मी खोटं बोललो. गाठ मीच बांधली. खटला करायचा तं करू द्या."

वकिलाने कागद ओढला. प्रतिज्ञापत्र झालं. कृष्णकांतच्या बाजूने व्हायचा तो गोंधळ झाला. विकला गेलेला माणूस, दारुडा, काय काय म्हणाले. शालिकराम पिंजऱ्याबाहेर उभा राहून ऐकत होता. दारूच्या थेंबाला त्याने कधी हात लावला नव्हता, तरी मान वर केली नाही. वरच्या कोर्टाने खालचा निकाल बाजूला ठेवला आणि प्रकरण परत खाली पाठवलं. पुन्हा पुरावा घ्या, पाट लागला का, आणि या समाजात पाट हा विवाह मानतात का, दोन्ही तपासा, म्हणून. त्यापलीकडे त्यांनी शालिकरामबद्दल एक ओळ लिहिली, की या साक्षीदाराच्या एकट्याच्या शब्दावर विसंबणं कठीण आहे. वकिलाने ती ओळ त्याला मराठीत सांगितली. तो म्हणाला, "बरोबर लिहिलं."

त्या दिवशी मनकर्णा आली होती. वावरातून थेट, पायाला चिखल. वकील तिला म्हणाला, शालिकरामने मोठं धाडस केलं. तिने शालिकरामकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी.

"सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "पण मले बहीण म्हणू नको."

"नाही म्हणत," तो म्हणाला.

"हिरव्या बांगड्या होत्या, प्रयागबाईनं सांगितलं," तो पुढे म्हणाला. तिने हाताकडे बघितलं, उघड्या मनगटाकडे, आणि निघून गेली.

आता पुढच्या महिन्यात नागपूरच्या दिवाणी कोर्टात ही साक्ष पुन्हा सुरू होते आहे. शालिकराम उभा राहील, पण त्याचा शब्द फाटलेला आहे, त्याने तो स्वतः फाडला. आता लागतात ती दुसरी माणसं. ज्यांच्या घरी पाट लागला, संसार झाला, लेकरं वाढली, आणि ते लग्नच होतं असं शपथेवर सांगू शकतील अशी.

ती माणसं तुमच्या घरात आहेत. तांडापेठेत आहेत, उमरेडला आहेत, पवनीला आहेत. हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी कोणाची आई पाटाची आहे, कोणाची आजी. तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही जावयांपासून, सुनांपासून ते लपवता. तर एवढं करा. आज घरी जा, तिच्याजवळ बसा, तिला मनकर्णाची गोष्ट सांगा आणि विचारा, येशील का म्हणून. ती हो म्हणाली तर दिवसाच्या उजेडात तिचा हात धरून तिला कोर्टात आणा, आणि ती बोलत असेल तेव्हा सगळ्यांना दिसेल असे तिच्या शेजारी उभे राहा.